ओळीच्या मागची मोकळी जागा

आश्रुबा सर प्रोग्रामचा कोड वाचायचे तो उलट्या टोकाकडून. आपण ओळ वाचायला घेतो ती डावीकडून. ते आधी एंडचं बटण दाबत, कर्सर ओळीच्या शेवटी नेत, आणि तो शेवटच्या अक्षराला चिकटून थांबला की मगच ओळ वाचायला घेत. एखादं घर पुढे जाऊन थांबला, तर नाकातून लांब श्वास सोडत. तो श्वास ऐकला की मला माझ्या जागेवर बसून कळायचं, कुणीतरी ओळीच्या मागे स्पेस सोडलीय. बहुतेक वेळा ती कुणीतरी मीच असायची.

तालुक्याच्या सहकारी दूध संघात मी तेव्हा नुकतीच लागले होते. त्याआधी आठ वर्षं अंबाजोगाईत कॉम्प्युटरचे क्लास घेतले होते. घरी दोन लेकरं, अंथरुणाला खिळलेले सासरे, आणि नवऱ्याचं काम कधी असायचं, कधी नसायचं. त्यामुळे संघातली नोकरी मिळाली तेव्हा मी पत्र तीनदा वाचलं होतं. कायम व्हायला मात्र दोन वर्षं होती.

संघाच्या संगणक विभागात माणसं दोनच, सर आणि मी. दूध मोजायच्या हॉलवर पत्र्याची एक खोली होती, तोच विभाग. उन्हाळ्यात बटणं बोटांना चटका देत. सर पंचेचाळिशीचे असतील, दिसत पंचावन्नचे. जिना चढताना त्यांचा डावा गुडघा वाजायचा. खुर्चीत बसले की रुमालाने कीबोर्डवरची धूळ पुसत आणि संगणकाला म्हणत, "चल बे. मी बी दमलोय, तरी आलोय."

हे रोज. कंटाळून नव्हे, त्रासूनही नव्हे. दमलेल्या माणसाने दमलेल्या बैलाशी बोलावं तसं.

गावोगावच्या दूध संकलनाचा प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता. कोणत्या गावाला गाडी कधी जाणार, कोणत्या वाटेने जाणार, सगळं त्यात. प्रोग्राममध्ये कुणी, कधी, कुठली ओळ बदलली याची नोंद ठेवणारं गिट नावाचं एक साधन असतं. आपण बदल करून पाठवायचा, दुसऱ्याने तो तपासायचा, मग तो मुख्य प्रोग्राममध्ये जातो. तपासताना काढलेली ओळ लाल दिसते, घातलेली हिरवी. मी माझा पहिला बदल पाठवला तेव्हा मनातून फार खूश होते. तासाभरात तो परत आला. खाली सरांनी लिहिलं होतं, "काम बरोबर. ओळ ४१, ५८ आणि ६०. पाचट काढा."

मी वळून विचारलं, "सर, पाचट म्हणजे?"

"ऊस बघितला न्हाई का तुमी कधी? उसाचा वाळका पाला."

"ते माहीत आहे. पण इथे?"

"ओळीमागची स्पेस."

त्यांचे आईवडील शिरूर कासारकडच्या एका खेड्यातले, ऊसतोडीला जाणारे. सर जन्मले ते कारखान्याच्या उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. शाळा वर्षातून सहा महिने, उरलेले सहा महिने फडात. मोळ्या वाहून तो गुडघा गेला होता. हातांवर कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा होत्या, पाल्याने कापल्याच्या. हे त्यांनी कधी एका बैठकीत सांगितलं नाही. कधी चहा पिताना एक वाक्य, कधी लाईट गेल्यावर दोन.

"पाचट काढलं न्हाई तर मोळी फुगती," त्या दिवशी ते म्हणाले. "दिसायला मोठी, आत ऊस थोडा. तुमच्या बदलाचं तसंच झालंय. बदल दोन ओळींचा, दिसतोय पाच ओळींचा."

"पण सर, त्यानं बिघडतं काय? प्रोग्राम तर चालतोय."

"प्रोग्राम चालतोच. आडतो माणूस." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "उद्या कुणी ती स्पेस काढली की ओळ लाल-हिरवी दिसणार. वाचणारा थांबणार. दोन्ही ओळी ताडून बघणार. काईच फरक न्हाई. अशा धा ओळी वाचल्या की अकराव्या ओळीत खरंच काई आसलं तरी डोळा पुढं निघून जातो. डोळा बी दमतो, मॅडम."

मी तीन स्पेस काढल्या आणि बदल पुन्हा पाठवला. त्यांनी लिहिलं, "ठीक." त्यांच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी तीच, हे मला पुढे कळलं.

त्या वर्षी पाऊस पेरणीपुरता आला आणि गेला. दिवाळीपर्यंत विहिरी तळाला गेल्या. संक्रांतीनंतर चारा छावण्या उघडल्या, आणि आमच्याकडे येणारं दूध निम्म्यावर आलं. संघाचे दुधाचे टँकर आवारात नुसते उभे राहू लागले. तेव्हा संचालक मंडळाने ठरवलं की हेच टँकर धुऊन सभासदांच्या गावांना, वाड्यावस्त्यांना पाणी पोचवायचं. ठराव एका दुपारी झाला आणि दुसऱ्या सकाळी व्यवस्थापक साहेब आमच्या खोलीत आले. "आश्रुबा, दुधाचा प्रोग्राम पाण्याला लावता येईल का?"

"उलटा फिरवावा लागंल," सर म्हणाले. "दूध गावाकडून इकडं येतं, पाणी इकडून गावाकडं जाणार. बाकी रस्ते तेच."

चार दिवसांत त्यांनी तो उलटा फिरवला. मी वस्त्यांच्या नावांची यादी टाईप केली. तलाठ्याकडून आलेला हाताने लिहिलेला कागद समोर ठेवून, एका ओळीवर एक नाव. तीच यादी पुढे फेऱ्यांच्या तक्त्यात भरली गेली. यादीतलं नाव आणि तक्त्यातलं नाव तंतोतंत जुळलं की त्या वस्तीची फेरी लागायची आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर दिसायची. पहिले काही दिवस पाण्याला दुधाचा वास यायचा. लेकरं हसायची, म्हातारी माणसं तोंड वाकडं करायची, पण प्यायची.

ड्रायव्हरांच्या मोबाईलमधला भाग पुण्याच्या एका कंपनीकडे होता. तिथली मुलं हुशार होती, कामाला वेगवान होती. पण त्यांच्या संगणकांची ओळ संपवायची न दिसणारी खूण वेगळी होती. त्यांनी एका ओळीला हात लावला तरी अख्खी फाईल बदललेली दिसायची. एकदा असाच सहाशे ओळींचा बदल आला. व्यवस्थापक साहेब मागे उभे. "आश्रुबा, गाड्या भरून उभ्या आहेत. ओके करा आणि सोडा."

सर म्हणाले, "दोन मिनिटं, साहेब."

गिटला सांगता येतं की मोकळ्या जागांमधला फरक धरू नकोस. आज्ञेच्या पुढे डॅश डब्ल्यू लावायचं. सरांनी ते लावलं आणि सहाशे ओळींच्या तीन उरल्या. टाकी धुतल्याशिवाय पाण्याची फेरी सुरू होऊ नये अशी एक अट सरांनी घातली होती. ड्रायव्हरने "टाकी धुतली" असं दाबल्याशिवाय गाडीची वाट उघडत नसे. कंपनीतल्या कुणीतरी चाचणीसाठी ती अट बंद केली होती आणि परत चालू करायला विसरला होता. त्या पाचटाखाली ती ओळ पडून होती.

सरांनी पुण्याला फोन लावला. "साहेब, तुमचं काम चांगलं हाय. फकस्त एक करा. मोकळ्या जागांचा बदल वेगळा पाठवा, कामाचा वेगळा. एकात कालवू नगा."

पलीकडचा काहीतरी बोलला. सर ऐकत राहिले आणि म्हणाले, "न्हाई, तुमी मुद्दाम केलं आसं मी म्हणतच न्हाई. मला दिसलं म्हणून सांगितलं. न दिसतं तर लेकरं नासक्या दुधाच्या टाकीतलं पाणी पिली असती."

फोन ठेवून त्यांनी गुडघा चोळला. "चला, अजून एक," म्हणाले. ही त्यांची नेहमीची बोली. चूक सापडली म्हणून त्यांना आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. मोजणी एकाने कमी झाली, एवढंच.

पण कंपनीच्या सवयी काही बदलल्या नाहीत. दर आठवड्याला तेच. आणि इकडे सरांची आई बीडच्या दवाखान्यात. सकाळी तिला बघून, एसटीने दोन तास उभं राहून ते कामाला येत. मार्चच्या एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. डोळे लाल झाले होते.

"मॅडम, आता ह्याच्यात माझा जीव चाललाय. एकदाच सगळं रान साफ करतो. सगळ्या फायलीतल्या मागच्या स्पेस काढतो, टॅबच्या रुंद मोकळ्या जागांऐवजी साध्या स्पेस घालतो. मग कोण पाचट आणतंय ते लगीच दिसंल."

त्यांनी एक आज्ञा लिहिली आणि ती सगळ्या फायलींवरून फिरवली. हजारो ओळी बदलल्या. तो बदल तपासायचा होता मला. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी डॅश डब्ल्यू लावलं. पडदा रिकामा. मोकळ्या जागा सोडून एका अक्षराचाही फरक नाही. मी ओके केलं. मीही त्यांना लिहिलं, "ठीक." त्यांना हसू आलं.

"आता समद्या ओळी माझ्या नावावर," ते म्हणाले. खरंच होतं ते. कुठलीही ओळ कुणाची असं गिटला विचारलं की शेवटी तिला हात लावणाऱ्याचं नाव येतं, आणि आता जवळजवळ प्रत्येक ओळीला शेवटचा हात सरांचा होता.

त्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी एक म्हातारी जिना चढून वर आली. कोंडाबाई. टेकाळेवस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. वस्तीतले पुरुष मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे गेलेले. मागे बायका, म्हातारी माणसं आणि लेकरं. दहा किलोमीटर चालत आली होती. दाराशी चप्पल काढली आणि उंबऱ्यातच बसली.

"पान्याच्या गाडीचं हितंच इचारायचं ना, दादा?"

"बसा मावशी. काय झालं?"

"गाडी येत न्हाई. नऊ दिस झाले."

सर उठून उभे राहिले. "नऊ दिवस? मग आदी कावून सांगितलं न्हाई?"

"आमाला वाटलं, पानी संपलं आसंल." तिने पदराने तोंड पुसलं. "समद्यांचंच संपलं आसंल. मग काल त्या वरच्या वस्तीची बाई म्हनली, आमच्याकडं तर रोज येतीय. म्हनून आले."

मी तिला पाण्याचा तांब्या दिला. ती निम्मं पाणी प्यायली आणि तांब्या तिने जपून भिंतीला टेकवून ठेवला. मग सांगितलं की वस्तीच्या बायका पडीक विहिरीत उतरून तळाचं गढूळ पाणी भरत होत्या. परवा तिची सून पायरीवरून घसरली. पाय मोडला. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथून जीपने बीडला नेली. हे सगळं तिने एका सुरात सांगितलं, तक्रार केल्यासारखं नाही.

सरांनी ड्रायव्हर शब्बीरला फोन लावला. तो म्हणाला, "सर, माझ्या मोबाईलमध्ये टेकाळेवस्ती येतच न्हाई. मला वाटलं तुमीच बंद केली. तिकडचे लोक मेंढरं घेऊन गेलेत ना."

सर यादी उघडून बसले. यादीत टेकाळेवस्ती होती. तक्त्यातही होती. दोन्हीकडे नाव तेच, अक्षरं तीच. मागच्या पंधरा दिवसांचे सगळे बदल त्यांनी डॅश डब्ल्यू लावून एकेक करून बघितले. कुठेच काही नाही. दुपार झाली. कोंडाबाई उंबऱ्यातच होती. जेवायला चला म्हटलं तर नको म्हणाली.

मग सरांनी आज्ञेतलं डॅश डब्ल्यू खोडलं.

यादीच्या फाईलमध्ये एकच बदल दिसला. लाल ओळीत टेकाळेवस्ती, हिरव्या ओळीत टेकाळेवस्ती. शेजारी शेजारी ठेवल्या तरी फरक कळू नये. सरांनी लाल ओळीच्या शेवटी कर्सर नेला. तो एक घर पुढे जाऊन थांबला.

यादी टाईप करताना त्या एका नावाच्या मागे एक स्पेस पडली होती. तीच यादी तक्त्यात भरली, तेव्हा स्पेसही तिकडे गेली. दोन्हीकडे स्पेस, म्हणून नावं जुळत होती आणि पाणी जात होतं. सरांनी यादीतली स्पेस काढली. तक्ता या फायलींत नव्हता, वेगळा साठवलेला होता, म्हणून त्यातली राहिली. नावं जुळेनात. जुळत नसलेलं नाव प्रोग्राम काही न बोलता सोडून देत होता. आणि मोकळ्या जागांकडे बघू नकोस असं आम्ही दोघांनी गिटला सांगितलं होतं, म्हणून त्याने ते दाखवलं नाही.

त्या दिवशी त्यांनी नाकातून श्वास सोडला नाही.  तक्त्यातलं नाव दुरुस्त केलं, फेरी लागल्याची खात्री केली, आणि मला म्हणाले, "तुमी हितलं बगा. मी गाडीबरोबर जातो."

शब्बीरच्या टँकरमध्ये पुढे कोंडाबाई आणि सर. पुढचं मला शब्बीरने सांगितलं. वस्तीवर पाणी भरून झालं तरी सर गाडीत बसेनात. बायकांसमोर उभे राहून म्हणाले, "तुमचं पानी माज्यामुळं बंद झालं. दुसऱ्या कुणाची चूक न्हाई."

कोंडाबाईने विचारलं, "तुमी काय केलतं, दादा?"

"तुमच्या वस्तीच्या नावामागं एक मोकळी जागा होती. मी ती पुसली."

"मोकळी जागा म्हंजी?"

"म्हंजी तिथं काईच न्हवतं."

म्हातारीने थोडा विचार केला. "काईच न्हवतं ते पुसलं, तर पानी कसं गेलं?"

 सर टँकरचा पाईप गुंडाळायला लागले. तो पाईप शब्बीरच रोज गुंडाळायचा.

चौकशी लागली. ती लागायलाच हवी होती. चौकशीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी गिटला ती ओळ कुणाची ते दोन प्रकारे विचारून बघितलं. साधं विचारलं तर सरांचं नाव येत होतं. इथेही डॅश डब्ल्यू चालतं. ते लावलं की फक्त मोकळ्या जागेला हात लावणारा वगळला जातो आणि मूळ ओळ लिहिणाऱ्याचं नाव येतं. मी ते लावलं आणि माझं नाव आलं. ती स्पेस माझ्या हातून पडली होती. तपासून ओके केलं होतं तेही मीच.

जिन्यात सरांना गाठून मी सांगितलं. "सर, सुरुवात माझी आहे. मी उद्या सांगते."

ते कठड्याला टेकून उभे होते. "काय सांगणार?"

"यादीत स्पेस मी टाकली."

"तुमी टाकली तवा पानी जात होतं का न्हवतं?"

"जात होतं."

"मी काढली तवा बंद झालं. मग इचार कशाचा करता?" जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "तुमी कायम न्हाईत आजून. गुमान बसा. लेकरं लहान हायेत तुमची."

बैठकीला चेअरमन, दोन संचालक आणि व्यवस्थापक साहेब होते. एक संचालक चिडलेले होते, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. टेकाळेवस्ती त्यांच्याच गटात होती. "ह्या यंत्राला कळतं म्हणं कोणती ओळ कोणी बदलली. दाखवा मग."

सरांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि साधी आज्ञा दिली. पुढे काहीही न लावता. पडद्यावर खालपर्यंत एकच नाव. आश्रुबा, आश्रुबा, आश्रुबा.

"सगळीकडं तुमीच?"

"व्हय."

"आणि तपासायला कोण होतं?"

मी खुर्चीतून निम्मी उठले होते. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तपासायची रीत मीच लावलेली. त्या रीतीत हे दिसनारच न्हवतं. रीत चुकली, तपासणारा न्हाई."

मी परत बसले. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. पण मी बसले, हे खरं.

सरांना संगणक विभागातून काढलं. नोकरी ठेवली. शिरूरकडच्या एका शीतकरण केंद्रावर दूध मोजायला पाठवायचं ठरलं. त्यांनी एकच विनंती केली, पाऊस पडेपर्यंत मला टँकरवर राहू द्या. मग तो सगळा उन्हाळा ते शब्बीरच्या गाडीवर फिरले. शब्बीर सांगायचा, कोंडाबाईची सून बीडहून परत आली, पाय जोडला गेला पण वाकडा बसला, आणि सर तिच्या दोन घागरी रोज गाडीपासून घरात नेऊन ठेवतात. तो गुडघा घेऊन. तिच्याशी बोलत नाहीत. ठेवतात आणि येतात.

जायच्या आधी विभागातल्या त्यांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एक काम दिलं होतं. कुठलीही वस्ती यादीत असून फेरीत नसेल, तर प्रोग्रामने गप्प बसायचं नाही, गाडी सुटायच्या आत लाल अक्षरात ओरडायचं. मी ते लिहून पाठवलं. त्यांनी पुष्कळ वेळ वाचलं. एका ओळीच्या शेवटी माझी एक स्पेस राहिली होती. त्यांचा कर्सर तिथे गेला, थांबला. मी शेजारी उभी राहून बघत होते. त्यांनी डिलीटवर बोट ठेवलं आणि उचललं.

"ही काढली तर काई होईल का?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारत होते.

"नाही सर. हे नुसतं पाचट आहे."

"तुमी काढा," ते म्हणाले, आणि खुर्ची मागे सरकवली.

पावसाळ्यात ते शीतकरण केंद्रावर गेले. मी पुढच्या वर्षी कायम झाले. त्यांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळेला त्यांनी लेकरांची चौकशी केली, कामाचं काही विचारलं नाही. त्या बैठकीत मी परत बसले, त्याबद्दल मला जे बोलायचं होतं ते फोनवर बोलवेना. प्रत्यक्ष जाईन तेव्हा बोलू, असं ठरवून तीन वर्षं गेली.

मग एकदा त्या केंद्रावरचा जुना संगणक बदलायचं काम निघालं आणि मी स्वतः होऊन गेले. सकाळचे दहा वाजून गेले होते. रस्त्याला लागून सिमेंटची दोन खोल्यांची इमारत, समोर लिंबाचं झाड, बाजूला पालथे घातलेले दुधाचे कॅन. संकलनाची वेळ सरली होती. ओट्यावर एक बाई लहानशी किटली घेऊन उभी होती. माश्या बसू नयेत म्हणून तिने किटलीच्या तोंडावर तळहात धरला होता.

आत फॅट मोजायच्या यंत्राशेजारी सर खुर्चीत ताठ बसले होते आणि झोपलेले होते. केस पूर्ण पांढरे. चष्मा नाकावरून खाली आलेला. एक हात वहीवर, बोटात पेन तसाच.

मी हळूच विचारलं, "उठवू का त्यांना?"

"नगा उठवू," बाई म्हणाली. "पहाटं चारपसून उभं हाय ते मानूस. दूध काई पळून जात न्हाई."

"कधीपासून थांबलाय तुम्ही?"

"झाला आसंल अर्धा तास. थांबते की."

मी तिच्याजवळ ओट्यावर बसले. मग उठून नवा संगणक खोक्यातून काढून दुसऱ्या खोलीत लावला, जुना बांधून घेतला. आवाज होऊ नये म्हणून दार ओढून घेतलं होतं. बाहेर आले तरी ते झोपलेलेच, आणि ती बाई पाय बदलून तशीच उभी. शिरूरहून येणारी एसटी लांबून दिसली. पुढची तीन तासांनी होती. मी दारात जाऊन उभी राहिले. जे सांगायचं होतं ते तोंडापर्यंत आलं होतं. त्यासाठी त्यांना उठवावं लागलं असतं.

मी नाही उठवलं.

एसटी थांबली, मी चढले, ड्रायव्हरने इंजिनाच्या झाकणावर टाकलेलं ओलं फडकं सारखं करून गाडी काढायला बराच वेळ घेतला. खिडकीतून मागे बघितलं तर सर जागे झाले होते. उभे होते. त्या बाईची किटली मापात ओतून त्यांनी माप डोळ्यांच्या रेषेत उचललं होतं, आणि दुधाची रेघ कुठे थांबतेय ते मान वाकडी करून बघत होते. बाई त्यांच्याशी काहीतरी बोलत होती. त्यांनी मान हलवली. गाडी वळली.